हाताची सुट्टी

भाताला वास सुटला की मला फणी आठवते.

नवरात्राच्या सुमाराला आमचा इंद्रायणी भात फुलोऱ्यात येतो. सकाळी बांधावर उभं राहिलं की वाटतं, लांब कुणाच्या तरी चुलीवर भात रटरटतोय. घरात घट बसलेले असतात. घटाच्या मातीतले गहू वीतभर वर येतात, पिवळेधमक, ऊन न लागलेले. दारात झेंडू. यंदाही हे सगळं आपापल्या वेळेवर आलं. माझी बायको यमुना फाल्गुनात गेली, त्यानंतरचं हे पहिलं नवरात्र.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण हे दुसऱ्याला सांगून लिहून घ्यावं असं नाही, म्हणून बसलोय.

आमचं घर घोटावड्याच्या थोडं आत. पुढच्या दोन खोल्या भाड्यानं देतो. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं भाडेकरू हीच घरातली वर्दळ. मागं गोठा आणि त्याला लागून भाताची खाचरं. पूर्वी गोठ्यात कडबाकुट्टी होती. सात वर्षांमागं त्या मशीनमध्ये पेंढा सारताना यमुनाचा डावा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला. मोटर मीच बंद केली. उशिरा केली. त्याचं जास्त लिहीत नाही.

पुढं पुण्यात एका शिबिरात तिला बॅटरीचा हात मिळाला. उरलेल्या हाताची शीर ताणली की मूठ उघडायची, सैल सोडली की मिटायची. आवाज यायचा, कुर्र... टक. सूप धरताना कुर्र, टक. परात धरताना कुर्र, टक. मी ओट्यावर बसून आवाजावरून सांगायचो की आत काय चाललंय. त्या हाताचा रंग यमुनाच्या रंगाशी मुळीच जमत नव्हता. लालगोरा होता. ती म्हणायची, "एक हात मावळातला, एक मडमंचा." वर्षभरात हळदीनं त्याची बोटं पिवळी पडली आणि मग तो आमच्या घरातला वाटायला लागला.

बांगड्या भरायला कासार आला तेव्हा तो बिचकला. उजवा हात भरून झाला, तसं तिनं हा हात पुढं केला. तो म्हणाला, "मावशी, ह्याला बी?"

"का? ह्यो हात काय रांडमुंड हाय व्हय? नवरा तिकडं बसलाय जिता, बघ की."

तेव्हापासून दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. उजव्यातल्या फुटायच्या, बदलायच्या. डाव्यातल्या तशाच राहायच्या. तो हात कशावर आपटायचाच नाही, इतका ती त्याला जपायची. लावणीच्या चिखलात उतरायची तर त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून.

एक गोष्ट मात्र होती. तुटलेला हात ती कुणाला दिसू द्यायची नाही. बॅटरीचा हात काढला की लगेच वरून पदर. सख्ख्या बहिणीलाही तिनं तो दाखवला नव्हता. तो पांढरा, गोळा झालेला शेवट फक्त मी बघितलेला.

आमच्यात खंडेनवमीला अवजारं पूजतात. विळे, कोयते, कुदळ, फावडं, सगळं घासून धुऊन ओळीनं मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलंय, एक दिवस बसू दे. दसऱ्याला पूजा उचलायची आणि मग काम. आमच्या रस्त्याला कंपन्या झाल्या, पण तिथंही हेच. एरवी दिवसभर धाडधाड करणारी लोखंडी धुडं त्या दिवशी गळ्यात हार घालून गप उभी असतात. बाहेरून आलेली कामगार पोरंही पाया पडतात. कुणी शिकवत नाही. ज्याच्यावर आपलं पोट आहे त्याच्यापुढं मान आपोआप लवते.

हात आल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला मी विळे मांडत होतो. यमुना आली. पदराखाली हात काढला आणि विळा नि कुदळीच्या मध्ये ठेवला.

मी म्हणालो, "ह्ये काय?"

"आवजारं मांडलीत न्हवं? मग ह्यो काय पाव्हणा हाय?"

हळद लावली, कुंकू लावलं, बोटांत एक झेंडू खोवला. म्हणाली, "आज ह्याला सुट्टी."

हाताला सुट्टी म्हणजे ती दिवसभर एकहाती. भाकरी मी थापल्या, म्हणजे नकाशे केले. आणि केस. एका हातानं बुचडा बांधता येत नाही. ती उंबऱ्याखालच्या पायरीवर बसली, मला मागं उंबऱ्यावर बसवलं, खोबरेल तेलाची वाटी आणि फणी माझ्यापुढं सरकवली. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिच्या केसांना असा हात लावला नव्हता. पीळ दिला आणि ओढला.

"अवं! बैलाचं दावं न्हाई वळायचं. बायकू हाय."

"मग हालू नगंस."

"मान तोडशीला तर हालणारच की."

बुचडा कसाबसा झाला आणि दुपारपर्यंत सुटला. पुढच्या वर्षी जरा बरा झाला. तिसऱ्या वर्षापासून मी त्या दिवसाची वाट बघायला लागलो. तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते काय. वर्षातून एकदा उंबऱ्यावर ऊन यायचं, भाताचा वास यायचा, आणि तिची मान माझ्या गुडघ्याशी असायची. एरवी तिची जीभ तिखट, पण त्या वेळी गप बसायची. डोळे मिटायची.

केतकी आमच्या पुढच्या खोलीत राहायला आली त्याला दीड वर्ष झालं. परभणीकडची. हिंजवडीला एका कंपनीत आहे, तिथं मोबाइलवर खेळायचे खेळ बनवतात. मी पहिल्यांदा विचारलं, "म्हंजी पत्त्यांसारखं?" ती हसली. म्हणाली, "बाबा, आम्ही एक अख्खं जग बनवतोय. त्याला हजार वर्षांचा इतिहास आहे. तो लिहायचं काम माझं."

तिच्या खोलीत बघितलं तर भिंतीवर दारापासून खिडकीपर्यंत कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. प्रत्येक पट्टीवर एक साल आणि त्या सालात काय झालं ते. कुठं लढाई, कुठं राजा मेला, कुठं एक शहर उडून गेलं. त्या जगातल्या माणसांना यंत्राचे अवयव असतात. लोखंडाचे पाय, पितळेचं काळीज, भुतं दिसणारे काचेचे डोळे. ते सगळं विजेवर नाही, मंत्रावर चालतं.

"ब्येस हाय," मी म्हणालो. "हितं लाईट सारखी जाती."

पण खिडकीपाशी, जिथं त्या जगाची सुरुवात, तिथली पट्टी कोरी होती. मंत्र पहिल्यांदा यंत्रात शिरला कसा, हेच तिला सुचत नव्हतं. साहेब सांगत होता की लढाई दाखव, एक जादूगार मेलेल्या सैनिकाला लोखंडाचे अवयव जोडतो आणि त्याला उठवतो. तिला ते पटेना. म्हणायची, "मारायलाच बनवायचं असेल तर त्यात मंत्र कशाला लागतो, बाबा? लोखंड पुरतं की."

मला तिच्या कामातलं काही कळत नव्हतं, पण हे कळलं.

मग गेल्या सालची खंडेनवमी आली. आता मागं वळून बघितलं की ते नवरात्र सगळ्यांत उजळ दिसतं. भात चांगला निसवला होता, लोंब्या भरून बाहेर आल्या होत्या. यमुनानं सकाळीच केतकीच्या दाराची कडी वाजवली. "तुजं आवजार आण."

"माझं कुठलं अवजार, मावशी?"

"ज्याच्याम्होरं दिसभर वाकून बसती त्ये."

लॅपटॉप आला, विळ्याशेजारी बसला. यमुनानं त्याच्या झाकणावर कुंकवाचा ठसठशीत ठिपका लावला. तेवढ्यात साहेबाचा फोन. पोरगी चाचरत काहीतरी सांगायला लागली, तर हिनं मागून आवाज दिला, "सांग त्याला, मशीन पूजंला बसलंय. उद्या सोनं वाटून झालं की उठंल." साहेबही मराठीच असावा, तो हसल्याचं मला ओट्यापर्यंत ऐकू आलं.

मग यमुनानं पदराखालून हात काढून ओळीत ठेवला. केतकी बघत राहिली.

"मावशी, हात का काढला?"

"सुट्टी हाय त्याला."

"म्हणजे त्याच्यात जीव आहे असं तुम्हाला वाटतं?"

यमुनानं जरा विचार केला. "जीव कशाचा? बॅटरी हाय. पर कष्ट केल्यात न्हवं त्यानं. कष्ट केलं की मान द्याया लागतो."

"आणि मंत्र? पूजेचा मंत्र कुठला म्हणता?"

"मला मंतर येत न्हाई बाई. मी म्हन्ती, बाबा रं, वरीसभर साथ दिलीस, आता पुढचं वरीस बी दे. आवजाराला आनि काय सांगायचं?"

केतकी उठून खोलीकडं पळाली, पेन घेऊन परत आली. "मावशी, मला आत्ता लिहायचंय."

"पेन बी आज पूजंतच आसतंय. ठेव ते खाली."

दिवसभर पोरगी तोंडातल्या तोंडात पुटपुटत अंगणात फेऱ्या मारत होती, विसरू नये म्हणून. आम्ही उंबऱ्यावर बसून तिला हसत होतो. माझ्या हातात फणी, मांडीशी यमुनाची मान.

दसऱ्याला पूजा उचलल्यावर तिनं पहिली पट्टी लिहिली आणि आम्हाला वाचून दाखवली. भाताच्या खोऱ्यात एक बाई होती. तिचा हात यंत्रानं नेला. पुढं तिला यंत्राचाच हात मिळाला. तिनं त्याचा राग धरला नाही. वर्षातून एक दिवस तिनं त्याला सुट्टी दिली आणि त्याच्यापुढं डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी तिनं तो घातला, तेव्हा तो तिनं न सांगता हलला. त्या जगातला हा पहिला मंत्र. पुढच्या हजार वर्षांतले सगळे लोखंडी पाय आणि पितळेची काळजं ह्या बाईपासून निघाली.

यमुना लगेच बोलली.

"न सांगता हालला तर मी भ्याऊन फेकून दीन की गं त्याला."

"गोष्ट आहे हो, मावशी."

"बरं. आन ह्या बाईचा नवरा कुटं हाय?"

केतकी अडखळली. "नवरा नाही ठेवला गोष्टीत."

"लई झाक केलंस. लई बडबड करतो."

तिघंही हसलो. मला थोडं लागलं, पण हसलो. गोष्टीत नसलो म्हणून काय झालं, बाई तर माझ्या मांडीशी बसली होती. तेव्हा असं वाटलं होतं.

फाल्गुनात दुपारी यमुना अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. कुर्र, टक ऐकू येत होतं. मग बराच वेळ आलं नाही. मी उठून बघितलं तर सूप मांडीवर, त्या हाताची मूठ सुपाला घट्ट, आणि मान कलंडलेली. सूप सोडवायला मला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

केतकी तेव्हा बहिणीच्या लग्नाला गावाकडं गेलेली. भावकी जमली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवं लुगडं काढलं, ओटी काढली. अंघोळ घालायची वेळ आली तसा माझा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, त्यो हात काढा. बॅटरी फुटंल चितंत."

दुसरं कुणीतरी म्हणालं, "आन आवजार कुणी जाळतं का? नांगऱ्यासंगं नांगर जाळतो का आपुन?"

मला ते बरोबर वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच बरोबर वाटलं. सहा वर्षं मी तो हात विळ्याकोयत्यांच्या ओळीत बघितला होता. तिनंच ठेवला होता. अवजार घरात राहतं, माणूस जातं. मी हात काढला आणि पत्र्याच्या पेटीत ठेवला.

मग तिला बाहेर आणून निजवलं आणि मला दिसलं. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, उजव्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. डावीकडं तो पांढरा गोळा, उघडा, सगळ्या गावासमोर. बांगड्या पेटीत राहिल्या होत्या, हातासकट. बायकांत कुजबूज झाली. माझी भावजय हळूच म्हणाली, "अर्धाच चुडा गं बाई." मी पुढं होऊन पदर ओढायला गेलो तर तो पुरेना, लुगडं कसून गुंडाळलं होतं. मी तिथंच म्हणायला हवं होतं की थांबा, बॅटरी काढून टाकू आणि हात लावू. दोन मिनिटांचं काम. पण सगळे उभे होते, ऊन होतं, घाई होती. मी म्हणालो नाही. मी, जो सगळ्यांना तोंडावर बोलतो, तो बोललो नाही.

जी गोष्ट तिनं सात वर्षं पदराखाली जपली ती मी गावाला दाखवून तिला पाठवली.

ज्येष्ठात एकदा पेटी उघडली. का उघडली माहीत नाही. हात चार्जिंगला लावला, हिरवा दिवा लागला. आत जिथं तिचा उरलेला हात बसायचा तिथं पत्र्याच्या बारक्या चकत्या आहेत. त्यांवर माझा अंगठा टेकला आणि मूठ उघडली. कुर्र... टक. रिकाम्या घरात तो आवाज इतका मोठा झाला की गोठ्यातल्या गाईनं मान वर केली. मी हात परत पेटीत ठेवला. पुन्हा तसं केलं नाही. मंत्राचं मला काही कळत नाही, पण त्या आवाजापुढं मला उभं राहवलं नाही एवढं खरं.

परवा, अष्टमीच्या दिवशी, केतकी लॅपटॉप घेऊन ओट्यावर आली. झाकणावर कुंकवाचा डाग अजून आहे, तिनं पुसलेला नाही. म्हणाली, "बाबा, सुरुवातीचा भाग तयार झालाय. पाठवायच्या आधी तुम्ही बघा."

पडद्यावर आमच्यासारखंच खोरं होतं. भाताची खाचरं, मागं डोंगर. ती बाई म्हातारी होते, मरते. तिला चितेवर ठेवतात, हिरव्या लुगड्यात. दोन्ही हात छातीवर. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, गच्च, कोपरापर्यंत. जाळ होतो, तिच्या डाव्या हातातून हिरवा उजेड निघतो आणि धुरातून खोऱ्यावर पसरतो. जिथं जिथं राख पडते तिथलं लोखंड जागं होतं.

"मावशी हात घालूनच गेल्या असतील ना," ती म्हणाली. "मी नव्हते इथं. पण मला असंच दिसलं."

मी "चांगलं झालंय" म्हणालो आणि गोठ्यात निघून गेलो.

काल खंडेनवमी. सकाळी विळे घासले, कोयते घासले. ओळ मांडली. विळा आणि कुदळीच्या मध्ये जागा सोडली होती, माझ्याही नकळत. मग पेटी उघडून हात आणला. बांगड्या किणकिणल्या. केतकी तिचा लॅपटॉप घेऊन येत होती, ती पायरीवरच थांबली.

"बाबा, हा इथं कसा?"

मी सगळं सांगितलं. उभ्यानंच. ती पायरीवर बसली. म्हणाली, "मी बदलू का ते? खरं असेल तसं करते. अजून पाठवलेलं नाही."

माझ्या जिभेवर 'व्हय' आलं होतं. आयुष्यभर खोट्याचा राग केला. पण डोळ्यांपुढं ते दोन हात आले, छातीवर ठेवलेले, भरलेले.

"नगं," मी म्हणालो. "ऱ्हाऊ दे तसंच. तितं तरी तिला भरल्या हातांनी जाऊ दे."

"खरंच?"

"खरं काय झालं त्ये मी लिव्हतो माज्या हातानं. तू तुजं तसंच ठेव. पर एक कर. नवऱ्याला घाल त्यात."

तिनं डोळे पुसले. "काय करतो तो?"

"काय न्हाई. लढाई न्हाई, मंतर न्हाई. ज्या दिवशी हाताला सुट्टी आसती त्या दिवशी तिचं केस इंचरतो. येवढंच."

ती मान हलवत आत गेली. लॅपटॉप तिनं ओळीत ठेवला, हाताच्या शेजारी. पेनही ठेवलं, न सांगता. मी सगळ्यांना हळदकुंकू लावलं. झेंडूचं एक फूल त्या पिवळ्या बोटांत खोवलं. यमुना म्हणायची तेच म्हणायला गेलो. वरीसभर साथ दिलीस म्हणेपर्यंत आलं, पुढचं वर्ष मागता येईना.

ऊन उंबऱ्यावर आलं होतं. खाचराकडून भाताचा वास येत होता. उंबऱ्यापाशी तेलाची वाटी आणि फणी ठेवलेली दिसली. सकाळी कधीतरी मीच काढून ठेवली असणार, सवयीनं. फणीत दोन पांढरे केस अडकलेले होते, गेल्या सालचे. मी उंबऱ्यावर बसलो, गुडघे थोडे फाकवून, जसा बसतो तसा.

हात पूजेला बसला होता, त्याला सुट्टी होती. माझे दोन्ही हात मोकळे होते.